म्हणे, मार्ग सापडला नाही!

घरातल्या घरात, दहा फुटांवर ठेवलेल्या डिस्कवरचं गाणं ऐकायला माणसाला परवानगी मागावी लागते, आणि ती नाकारताना यंत्र खोटं बोलतं. यंत्र बिघडतं याबद्दल माझी तक्रार नाही, यंत्रं बिघडायचीच. तक्रार आहे ती थापेबाजीची.

विंडोजवर शेअर केलेलं फोल्डर उघडेनासं झालं की एक खिडकी उगवते. नेटवर्कचा मार्ग सापडला नाही, असं ती सांगते आणि खाली झिरो एक्स ८००७००३५ हा आकडा छापते. सर्व्हर बंद असला तरी हेच. सर्व्हरचं नाव चुकीचं टाइप केलं तरी हेच. फायरवॉलने अडवलं तरी हेच. लॅपटॉप एका राउटरवर आणि सर्व्हर दुसऱ्यावर असला तरी हेच. दोघांच्या भाषेची आवृत्ती जुळली नाही तरी पुष्कळदा हेच. कारणं पाच, उत्तर एक, आणि त्या उत्तरातून पाचांपैकी एकाचाही पत्ता लागत नाही.

लॅपटॉपला खरं कारण ठाऊक नसतं, असं कुणी म्हणेल तर ते चूक आहे. नाव विचारलं तेव्हा पत्ता मिळाला की नाही, त्या पत्त्यावर ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर कुणी ओ दिली की नाही, ओ दिली तर कुठल्या आवृत्तीत बोलू म्हणाला, नाव-पासवर्ड घेतला की परत फेकला, हे सगळे टप्पे लॅपटॉप स्वतः पार करत असतो. कुठे अडलं ते त्याला पक्कं माहीत असतं. तो फक्त सांगत नाही.

लिनक्सवाल्यांनीही फार फुशारकी मारू नये. सप्टेंबर २०१७ मध्ये लिनक्सच्या ४.१३ या कर्नेलपासून शेअर जोडण्याची मूळ पद्धत बदलली आणि फाइली वाटण्याच्या ‘एसएमबी’ या बोलीच्या पहिल्या आवृत्तीला रजा मिळाली. निर्णय शंभर टक्के बरोबर. पण ज्या जुन्या डिस्कपेट्या फक्त पहिल्या आवृत्तीत बोलायच्या, त्या जोडायला गेलं की लिनक्स काय सांगतं? एरर ११२, यजमान बंद आहे. यजमान चांगला ठणठणीत असतो. पिंग केलं तर उत्तर देतो, त्याचा दिवा लुकलुकत असतो, ब्राउझरमध्ये त्याचं पानसुद्धा उघडतं. तरी हे म्हणणार, बंद आहे. जिवंत माणसाच्या मृत्यूचा दाखला देणाऱ्या कचेरीला आपण शिव्या घालतो. इथे मात्र ‘टेक्निकल आहे’ म्हणून गप्प बसतो.

माझ्या घरी तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय हा संगणक आहे आणि त्याला चार टेराबाइटची डिस्क जोडलेली आहे. डिस्कवर आकाशवाणीवरून टेप केलेल्या मैफली आहेत, गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांच्या कॅसेटींवरून उतरवलेली गाणी आहेत, नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या आहेत आणि पदरचे पैसे मोजून घेतलेल्या सीडी आहेत. बहुतेक सगळं फ्लॅक स्वरूपात. तासाभराच्या सीडीचा कच्चा डेटा ६३५ एमबी भरतो. फ्लॅक त्यातलं काहीही न गमावता तो साधारण निम्म्यावर आणतं. पायवर सांबा नावाची प्रणाली चालते आणि ती हे फोल्डर घरभर शेअर करते. लॅपटॉपवरून मी त्यात भर घालतो आणि हॉलमधला नेटवर्क प्लेअर त्यातून वाचून वाजवतो.

हा प्लेअर एका नावाजलेल्या कंपनीचा. नाव घेत नाही, कारण या बाबतीत सगळे एकाच माळेचे मणी. २०१४ साली तो घेतला तेव्हा कंपनीच्या माहितीपत्रकात सोन्याचा मुलामा दिलेल्या जोडण्यांचं वर्णन अर्धं पान होतं. पायची प्रणाली मी अद्ययावत केली आणि प्लेअरने मान टाकली. पडद्यावर ‘शेअर उपलब्ध नाही’ एवढंच. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, मोठं नम्र: आपल्या सर्व्हरवर एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा सुरू करावी, अथवा आमच्या नव्या मॉडेलचा विचार करावा. प्लेअरचा आवाज उत्तम, बटणं शाबूत, वायर शाबूत. कमी पडलं ते फक्त कंपनीने न लिहिलेलं सॉफ्टवेअर, आणि त्याचा दंड मात्र मी भरायचा.

ही ‘पहिली आवृत्ती’ काय चीज आहे ते समजून घेतल्याशिवाय त्या नम्र उत्तरातला निर्लज्जपणा कळणार नाही. एसएमबी ही फाइली वाटून घेण्याची संगणकांची बोली. आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी ती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आखली, पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. तेव्हा कार्यालयातले दहा-वीस संगणक एका केबलला बांधलेले असायचे आणि बाहेरचं जग त्या केबलवर येत नसे. साहजिकच त्या बोलीत संशय घेण्याची सोय फार कमी. पुढे जग त्या केबलवर आलं. मायक्रोसॉफ्टच्याच नेड पाइल यांनी सप्टेंबर २०१६ मध्ये, पहिली आवृत्ती वापरणं थांबवा, असं उघड आवाहन केलं. मार्च २०१७ मध्ये कंपनीने त्यातलं भगदाड बुजवणारं अपडेट दिलं. ज्यांनी ते घेतलं नाही त्यांना १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या किड्याने गाठलं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडून फुटलेलं हत्यार वापरून तो किडा संगणकामागून संगणक कुलूपबंद करत गेला. जवळपास दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक सापडले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द झाल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या.

त्यानंतर विंडोज १०च्या २०१७ सालच्या शरदातल्या आवृत्तीपासून नव्या संगणकावर पहिली आवृत्ती बसवणं बंद झालं. सांबानेही सप्टेंबर २०१९ मध्ये ४.११पासून ती मूळ मांडणीत बंद केली. या दोन्ही निर्णयांबद्दल माझी काडीची तक्रार नाही. दार बंद करायलाच हवं होतं.

आता प्लेअरवाल्या कंपनीकडे वळू. एसएमबीची दुसरी आवृत्ती विंडोज व्हिस्टाबरोबर आली, म्हणजे २००६च्या अखेरीस. सांबाने ३.६ या आवृत्तीत, ऑगस्ट २०११ मध्ये, तिला पूर्ण आधार दिला, आणि सांबा फुकट मिळतं. त्याची मूळ संहिता कुणीही उघडून वाचावी, यंत्रात घालावी. २०१४ साली विकलेल्या यंत्रात २००६ची आवृत्ती नव्हती. याला नजरचूक म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. सोन्याचा मुलामा द्यायला पैसे होते आणि फुकटची संहिता वापरायला वेळ नव्हता? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं या धंद्याचं एकूण रूप आहे.

हे सांबा कुठून आलं, तेही या कंपन्यांनी एकदा वाचावं. ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल हा पीएचडीचा विद्यार्थी होता. १९९१-९२च्या सुमारास त्याने तारेवरून जाणारे संदेश नुसते न्याहाळून ही बोली उलगडायला सुरुवात केली. कुणी त्याला कागद दिले नव्हते. ते कागद मिळवायला युरोपात खटला चालावा लागला. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड ठोठावला आणि प्रोटोकॉलची माहिती खुली करायला सांगितलं. २००७ मध्ये न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात दहा हजार युरो एकरकमी भरून सांबाच्या मंडळींना ते दस्तऐवज मिळाले. एवढा खटाटोप करून कुणीतरी ताट वाढून ठेवलं, आणि लाख-लाख रुपयांचे प्लेअर विकणाऱ्यांना हात धुऊन पाटावर बसायचेही कष्ट झाले!

दुसरा घोळ नावांचा. पहिली आवृत्ती गेली तसं तिच्यावर उभी असलेली शेजारचे संगणक हुडकण्याची जुनी व्यवस्थाही गेली. विंडोजच्या ‘नेटवर्क’ या खान्यात पूर्वी सर्व्हरचं नाव आपोआप दिसायचं, ते दिसेनासं झालं. आता विंडोज वेगळ्या पद्धतीने हाका मारतं, आणि सांबाला स्वतःहून त्या हाकेला ओ देता येत नाही. त्यासाठी डब्ल्यूएसडीडी नावाचा छोटा प्रोग्रॅम सर्व्हरवर वेगळा बसवावा लागतो. घरोघरची माणसं मात्र त्या रिकाम्या खान्याकडे बघून डिस्क गेली, सर्व्हर मेला, म्हणून कपाळाला हात लावतात. सोसायटीच्या जिन्याखालच्या पाटीवरून नाव पुसलं गेलं म्हणून माणूस घर सोडून गेला, असं होत नाही. वर जाऊन बेल वाजवावी. एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन थेट सर्व्हरचा आयपी पत्ता टाइप करा. निम्म्या घरांत ‘मेलेला’ सर्व्हर तिथल्या तिथे उठून बसेल. विंडोजने त्या रिकाम्या खान्यात एवढी एक ओळ लिहिली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

सगळ्यात विनोदी संदेश पाहुण्यांबद्दलचा. घरच्या शेअरला पासवर्ड कशाला, म्हणून पुष्कळ लोक ते शेअर ‘गेस्ट’ म्हणून सगळ्यांना खुलं ठेवतात. विंडोज ११ प्रोच्या २०२४ सालच्या २४एच२ आवृत्तीने अशा बिनपासवर्डाच्या जोडणीला मूळ मांडणीतच नकार दिला, शिवाय प्रत्येक संदेशावर सही असलीच पाहिजे असा नियम केला. पाहुण्याला सही करता येत नाही, म्हणून पाहुणा बाहेर. नियम योग्य आहे. पण नकार देताना विंडोज सांगतं की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे असा प्रवेश बंद आहे. कुठली संस्था? दोन खोल्यांच्या घरात मी, बायको आणि कुकरच्या शिट्ट्या. आमची कार्यकारिणी कधी बसली आणि हा ठराव कुणी मांडला? माणूस बिचारा कंपनीच्या आयटी खात्याला फोन लावतो. खरा उपाय मिनिटभराचा: सर्व्हरवर एक नाव आणि एक पासवर्ड तयार करा आणि तो लॅपटॉपमध्ये साठवा. हा उपाय त्या खिडकीत मावला नसता का?

न्यायाने सांगायचं तर अलीकडच्या विंडोजमध्ये एक संदेश सरळ आहे. समोरचा सर्व्हर फक्त पहिल्या आवृत्तीत बोलतो हे ओळखता आलं, तर ते असुरक्षित आणि कालबाह्य आहे म्हणून जोडत नाही, असं तो स्पष्ट शब्दांत सांगतो. म्हणजे लिहिता येतं! मनात असलं की येतं. बाकीच्या वेळी मनात नसतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता इंटरनेट पुरवणाऱ्यांची कहाणी. फायबर घेतलं की कंपनी आपला एक डबा भिंतीवर ठोकून जाते. त्या डब्याचं वायफाय बेडरूमपर्यंत पोचत नाही, म्हणून माणूस स्वतःचा राउटर आणून त्यापुढे जोडतो. घरात दोन राउटर, दोघांची वेगळी नेटवर्कं. लॅपटॉप १९२.१६८.१ या मालिकेत, सर्व्हर १९२.१६८.० या मालिकेत. इंटरनेट दोघांना मिळतं, म्हणून संशयसुद्धा येत नाही. सर्व्हर मात्र दिसत नाही. ग्राहकसेवेला फोन केल्यावर ऐकायला मिळतं ते असं:

‘सर, राउटर रीस्टार्ट केला का?’

‘केला. मला एवढंच सांगा, तुमच्या डब्याला ब्रिज मोडमध्ये टाकता येईल का?’

‘सर, आपला स्पीड चेक केला का?’

‘स्पीड उत्तम आहे. घरातली दोन यंत्रं एकमेकांना दिसत नाहीत.’

‘सर, नेट चालू आहे ना? मग आमच्याकडून इश्यू नाही. तक्रार क्लोज करू का?’

त्या पोरावर राग नाही. त्याच्यापुढे जो कागद ठेवला तो त्याने वाचला. राग आहे तो कागद लिहिणाऱ्यावर. ‘नेट’ म्हणजे फक्त बाहेरचं, घरातल्या यंत्रांनी एकमेकांशी बोलणं म्हणजे कुणाचीच जबाबदारी नाही, हे त्या कागदाचं तत्त्वज्ञान. खरा उपाय पाच मिनिटांचा असतो: आपला राउटर नुसत्या अ‍ॅक्सेस पॉइंटच्या कामाला लावायचा म्हणजे घर पुन्हा एका नेटवर्कवर येतं. सर्व्हर चुकून ‘गेस्ट वायफाय’वर नाही ना तेही बघायचं, कारण ते वायफाय यंत्रांना एकमेकांपासून मुद्दाम तोडण्यासाठीच असतं. आयफोनवाल्यांनी आणखी एक तपासावं. २०२० सालच्या आयओएस १४पासून घरच्या नेटवर्कवर डोकावू पाहणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपला परवानगी मागावी लागते. घाईत ‘नको’ दाबलं गेलं असलं की ते अ‍ॅप पुढे कायम आंधळं होऊन बसतं आणि पुन्हा विचारतसुद्धा नाही.

कंपन्या बोलत नाहीत म्हटल्यावर मैदान सल्लागारांना मोकळं मिळतं. आमच्या भाच्याचंच घ्या. पोरगा इंजिनीअर, हुशार, प्रेमळ. म्हणाला, ‘मामा, सरळ ७७७ मारून टाक ना, सगळं उघडतं.’ उघडतं खरं! ७७७ म्हणजे प्रत्येक फाइल प्रत्येकाला वाचायला, लिहायला आणि चालवायला खुली. अडचण एका फोल्डरची आणि उघडायची सगळी डिस्क? दुसरा सल्ला फायरवॉल बंद करण्याचा. ती पुन्हा सुरू करायची आठवण कुणालाच होत नाही. तिसरा, पहिली आवृत्ती पुन्हा सुरू करण्याचा; हाच तो कंपनीचा नम्र सल्ला. आणि चौथा तर ऐकून अंगावर काटा येतो: ऑफिसात बसून घरचं गाणं ऐकायचंय, मग राउटरवर ४४५ पोर्ट बाहेरच्या जगाला खुलं करा! वॉनाक्राय ज्या दारातून शिरला तेच दार, आणि तेही स्वतःच्या हाताने उघडून ठेवायचं. बाहेरून ऐकायचंच असेल तर व्हीपीएन आहे. राउटरला हे भोक पाडायची गरज कुणालाच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, वर बंबात पाण्याऐवजी रॉकेल.

जुना प्लेअर पुन्हा बोलता करायलाही हे काही करावं लागलं नाही. सर्व्हरवर मिनीडीएलएनए बसवलं. ते फाइली वाटत नाही, नुसती गाणी पुरवतं. प्लेअरला गाणं वाजवता येतं, पुसता येत नाही. एसएमबीची भानगडच मिटली. कंपनीच्या उत्तरात या पर्यायाचा उल्लेख नव्हता, कारण या पर्यायात नवं मॉडेल विकलं जात नाही.

दार उघडल्यावरही आत कुलपं असतातच, आणि तिथेही तोच मुका कारभार. सांबाचा पासवर्ड आणि लिनक्सचा पासवर्ड वेगळे असतात. सर्व्हरवर नवा माणूस नोंदवला तरी सांबाला त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागते. उलट बाजूने, विंडोजवरचं फोल्डर शेअर केलं असेल तर लॅपटॉप उघडण्याचा चार आकडी पिन तिथे चालत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो, जो पिन आल्यापासून कुणाच्याच लक्षात राहिलेला नसतो. एकाच सर्व्हरवर एका नावाने आत गेल्यावर दुसऱ्या नावाने जायला विंडोज नकार देतं, म्हणून साठवलेली जुनी ओळख आधी पुसावी लागते. शिवाय शेअरची परवानगी वेगळी आणि फाइलची वेगळी, आणि दोघींत जी जास्त कडक ती खरी. यादीत गाणं दिसतं पण वाजत नाही, ते बहुधा याच गोंधळापायी.

वीज गेली की आणखी एक नाटक. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, ती आल्यावर पाय उठतो, पण डिस्क कधी कधी उशिरा जागी होते किंवा जोडलीच जात नाही. शेअर मात्र दिमाखात उघडतं आणि आत शून्य, कारण ज्या रिकाम्या फोल्डरवर डिस्क जोडायची तेच तुम्हाला दिसत असतं. त्या क्षणी प्लेअरने यादी ताजी केली तर गाणी ‘नाहीत’ असं समजून सगळी नोंद पुसून टाकतो. डिस्कवरचा सूरही हललेला नसतो, पण बघणाऱ्याचा जीव जातो. वीज येण्याबरोबर आयपी पत्ता बदलतो तो वेगळाच. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवणं हा त्यावरचा इलाज.

पण मराठी माणसाला खास आपला म्हणून जो फटका बसतो त्याची दखल कुठल्याच माहितीपत्रकात नाही. लिनक्सच्या ईएक्सटी४ या नेहमीच्या फाइलप्रणालीत फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. रोमन अक्षराला एक बाइट, देवनागरीला तीन. काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, सगळे वेगळे मोजतात. ‘मल्लिकार्जुन’ हा एक शब्द १२ चिन्हांचा, म्हणजे ३६ बाइट खातो. एकूण ८५ चिन्हांत सगळं बसवायचं. गायकाचं नाव, राग, विलंबित-द्रुत, तबला-संवादिनीची साथ, ठिकाण आणि साल लिहायला घेतलं की मर्यादा संपते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये २५५ चिन्हं मावतात, म्हणून लॅपटॉपवर ते नाव बिनतक्रार राहतं, आणि सर्व्हरवर कॉपी करताना मध्येच अडतं. दोष मात्र केबलला, वायफायला, डिस्कला, सगळ्यांना दिला जातो. तसंच अपूर्णविरामाच्या दोन टिंबांचं. लिनक्सवर ‘यमन: विलंबित’ असं नाव सुखाने नांदतं, विंडोजला फाइलच्या नावात ते चिन्ह वर्ज्य, म्हणून सांबा त्याचं नाव बदलून निरर्थक रोमन अक्षरं, आकडे आणि मध्ये नागमोडी रेघ असं काहीतरी दाखवतं. आपला यमन ओळखू येत नाही. नावं आटोपशीर ठेवा, तपशील फाइलच्या आतल्या टॅगमध्ये लिहा, आणि ते चिन्ह टाळा.

एवढं ऐकल्यावर काही सुज्ञ म्हणतील, कशाला ही हमाली, महिन्याला काही रुपये टाकून स्ट्रीमिंग घ्या की! घ्या, जरूर घ्या, मीही ऐकतो. पण ते भाड्याचं घर आहे. करार संपला की गाणं गायब, आणि तो कधी संपवायचा हे आपण ठरवत नाही. शिवाय माझ्या कॅसेटीतल्या मैफली तिथे नाहीत आणि कधी येणारही नाहीत. त्या ज्या डिस्कवर आहेत तीच त्यांची जागा. म्हणून तर घरच्या सर्व्हरची ही आबाळ मला चीड आणते. स्वतःचं संगीत स्वतः जपणाऱ्या ग्राहकात या धंद्याला रस उरलेला नाही. सोनोस या बड्या स्पीकर कंपनीने मे २०२४ मध्ये नवं अ‍ॅप आणलं, तेव्हा स्वतःच्या संग्रहात शोधण्याची सोयच त्यात नव्हती. ‘नंतर देऊ’ म्हणाले. गिऱ्हाइकं इतकी खवळली की प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांची खुर्चीही गेली. गिऱ्हाईक ओरडलं की ऐकू जातं, एवढं त्यातून सिद्ध झालं.

कंपन्या सांगत नाहीत तोवर क्रम ध्यानात ठेवा, आणि तो मोडू नका. आधी दोन्ही यंत्रांचे आयपी पत्ते शेजारी ठेवून मालिका एकच आहे का बघा. मग नाव सोडून पत्ता टाइप करा. तरी उघडलं नाही तर पॉवरशेलमधल्या टेस्ट-नेटकनेक्शन या आदेशाने ४४५ पोर्ट ओ देतं का ते बघा. देत नसेल तर फायरवॉल किंवा बंद पडलेलं सांबा. ओ देऊनही नकार येत असेल तर प्रश्न आवृत्तीचा किंवा पासवर्डचा. आत गेल्यावर फाइल उघडत नसेल तर परवानगीचा, आणि फोल्डर रिकामं असेल तर आधी डिस्क जोडली गेली आहे का तेच बघा. सर्व्हरवर टेस्टपार्म हा आदेश चालवला तर सांबाच्या मांडणीतली चूक तो दाखवतो. फुकटातलं सांबा हे करतं, ही लाख रुपयांच्या यंत्रांना चपराक आहे.

आणि पुढचं यंत्र घेण्यापूर्वी दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. एसएमबीची कुठली आवृत्ती चालते? अपडेट किती वर्षं मिळतील, आणि ते लिहून देता का? अडलं तर पडद्यावर कारण दिसेल का? तो गोंधळला, हसला किंवा सोन्याच्या मुलाम्याकडे बोट दाखवू लागला, तर पिशवी उचला आणि दुकानातून बाहेर पडा. तुमचे पैसे खिशात राहतील, आणि या लोकांना तेवढी एकच भाषा कळते.